पहिला घोट मालकाचा

बूच मधोमध तुटलं. अर्धं स्क्रूला चिकटून वर आलं, उरलेलं बाटलीच्या गळ्यात रुतून बसलं. देल्फिनाने बाटली दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरली आणि पियेरिनाकडे पाहिलं.

"हलवू नकोस. मी बघते," पियेरिना म्हणाली. खानावळ तिची होती आणि अशी म्हातारी बुचं तिने शेकड्याने काढली होती. तिने ओले हात अ‍ॅप्रनला पुसले आणि स्क्रू तिरका धरून उरलेल्या तुकड्यात हळूहळू फिरवत नेला. "किती दिवस उभी ठेवली होतीस?"

"पाच. गाळ सगळा तळाशी बसलाय. तुरिनहून इथवर गुडघ्यांत धरून आणलीये. वळणावर ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी."

"मनातल्या मनात?"

"मोठ्याने."

पियेरिना खुदकन हसली आणि तेवढ्यात बूच सुटलं. काळं पडलेलं, भिजून मऊ झालेलं. सवयीने तिने ते नाकाकडे नेलं, तर देल्फिनाने ते तिच्या हातून जवळजवळ हिसकावलं आणि दोन्ही तुकडे कोटाच्या खिशात घातले.

"अगं, वास तर घेऊ दे. जिवंत आहे की गेलीये ते कळायला नको?"

"त्याच्यासमोर कळेल."

पियेरिनाने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. दोघी शाळेत एका बाकावर बसायच्या, त्यामुळे 'त्याच्यासमोर' म्हणजे कुणासमोर हे विचारायची गरज नव्हती.

"ब्याऐंशीचा झालाय तो, देल्फी. सोड आता."

"म्हणूनच तर आज आले. उद्या मेला म्हणजे कुणाला पाजू?"

ज्याला पाजायची तो बाहेर जेवणाच्या दालनात मधल्या खुर्चीवर बसला होता. एवाझिओ. या टेकड्यांमधला वाइनचा सगळ्यात नावाजलेला दलाल. पन्नास वर्षं त्याने लोकांच्या तळघरांत जाऊन पिंपातली वाइन चाखली होती. तो 'हो' म्हणाला की व्यापारी डोळे मिटून सौदा करत आणि 'नाही' म्हणाला की त्या पिंपाला कुत्रंही हुंगत नसे. आज संत मार्तिनोच्या दिवशी गावाने त्याचा सत्कार ठेवला होता. सरपंचांनी खास सोनाराकडून घडवून आणलेलं रुप्याचं नाक मखमलीच्या डबीत त्याच्यापुढे मांडलं होतं. चांगलं अंगठ्याएवढं, दोन नाकपुड्यांसकट. गावाची अक्कल कुठवर धावते ते अशा वेळी दिसतं.

अडुसष्टच्या मार्चमध्ये हाच माणूस देल्फिनाच्या बापाच्या तळघरात आला होता. बापाने, तेरेसिओने, चौसष्ट सालची वाइन साडेतीन वर्षं पिंपात जपली होती. एवाझिओबरोबर एक स्विस व्यापारी होता, शेजारचे सात-आठ जण होते. एकोणीस वर्षांची देल्फिना पेल्यांचं तबक धरून बापाच्या मागे उभी होती. बापाने त्या दिवसासाठी मुद्दाम केस कापून घेतले होते, आणि ती पांढरी, नुकतीच भादरलेली मान तिला अजून दिसायची. रीतीप्रमाणे बापाने पहिला घोट घेतला. मग एवाझिओने घेतला, पेला पिंपावर ठेवला आणि म्हणाला, "तेरेसिओ, ही पाच वर्षं काढायची नाही. आतून सुटलीये." स्विस व्यापाऱ्याने पेल्याला ओठही लावला नाही. शेजाऱ्यांनी चाखली आणि माना डोलावल्या. बाप एक शब्द बोलला नाही.

नंतर त्या पिंपांकडे कुणी फिरकलं नाही. वाइन व्हिनेगरवाल्याने नेली. टेकडीवरची द्राक्षांची पट्टी विकावी लागली आणि घेतली कुणी, तर एवाझिओच्या भाच्याने. देल्फिनाला एवढा पुरावा पुरला. त्याच साली संत मार्तिनोच्या दिवशी, म्हणजे या भागातली कुळं बिऱ्हाड हलवतात त्याच दिवशी, बापलेक ट्रकमध्ये पलंग आणि भांडी टाकून तुरिनला गेले. तेरेसिओ मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायला लागला. पुढच्या आठ वर्षांत त्याने वाइनचा थेंब घेतला नाही. जेवताना पाणी प्यायचा. पेला उजेडापुढे धरून बघायची सवय मात्र गेली नाही. पाण्याचाच पेला, पण धरायचा.

व्हिनेगरवाला यायच्या आधी देल्फिनाने बारा बाटल्या भरून लपवल्या होत्या. बापाला सांगितलं नव्हतं. बाप गेला त्या वर्षी तिने पहिली उघडली. इतकी तुरट होती की जीभ टाळ्याला चिकटली. मग दर दोन-तीन वर्षांनी एक उघडायची आणि थांबायची. एकोणनव्वद साली रविवारी दुपारी तिने एक उघडली, पेल्यात ओतली, आणि उठून आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. वास बाहेर जाऊ नये म्हणून. वाळत घातलेल्या गुलाबाचा, चेरीचा, पावसानंतरच्या वरच्या पट्टीचा वास त्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत भरून राहिला होता. ती टेबलाशी बसून मोठ्याने रडली. दुसऱ्याच दिवशी बस पकडून यायला हवं होतं.

पण तिला हाव सुटली. आणखी थोडी थांबली तर आणखी चांगली होईल आणि मग नाही म्हणायची कुणाची छाती होणार नाही. नव्याण्णव साली उघडलेली बाटली जरा थकलेली निघाली. बुचाचा दोष असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आता ही शेवटची होती.

ती बाटली घेऊन दालनात आली तेव्हा सरपंच ओस्वाल्दो पेल्यावर चमचा वाजवून भाषण आवरत होते. टेबलाला सात-आठ माणसं होती. पाद्री, औषधाच्या दुकानाची मालकीण, बागायतदार संघाचा अध्यक्ष आणि कोपऱ्यात बोळक्या तोंडाचा जेपिन, जो पूर्वी त्यांचा शेजारी होता. बान्या काउदा यायची होती. लसूण आणि खारवलेल्या मासळीचं ते गरम तेल एकदा टेबलावर आलं की कशाचाच वास उरत नाही, म्हणून देल्फिनाने पियेरिनाला ते थोपवून धरायला सांगितलं होतं.

"बार्बा एवाझिओ," ती म्हणाली. बार्बा म्हणजे काका. गावात त्याला सगळेच तसं म्हणायचे. "ओळखलंत का मला?"

म्हाताऱ्याने मान वर केली. डोळे अजून चांगले होते, निळे आणि बारीक.

"तेरेसिओची तू. कपाळ त्याचंच आहे."

"चौसष्टची बाटली आणलीये. आमच्या वरच्या पट्टीची. पाच वर्षं काढायची नाही म्हणाला होतात. चाळीस काढली तिने."

जेपिनने ब्रेडचा तुकडा ताटात ठेवला. सरपंच हसले, आणि कुणीच साथ दिली नाही तेव्हा थांबले.

"आज सत्काराचा दिवस आहे हो," ते म्हणाले. "जुनं कशाला उकरून काढायचं?"

"असू दे, ओस्वाल्दो," एवाझिओ म्हणाला. "माझ्या पन्नास वर्षांचाच सत्कार आहे ना? मग त्यात हेही आलंच. बस पोरी. रीत ठाऊक आहे ना?"

"पहिला घोट मालकाचा!" टेबलावरचे दोघे-तिघे एका सुरात म्हणाले. एवाझिओच्या या अदबीचं गावाला फार कौतुक होतं. कितीही गरीब माणसाच्या तळघरात गेला, तरी त्याच्या आधी स्वतः पीत नाही, असं लोक पाहुण्यांना सांगायचे.

देल्फिना त्याच्या समोर बसली. बाटली हळूच कलती केली. रंग तळहातावर घासलेल्या विटेसारखा आला, कडेला पाणी सुटल्यासारखा फिका. एवढं चालेल, तिने मनात म्हटलं, चाळीस वर्षांची आहे. तिने पेला उचलला.

वास आला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. भाजी उकडून काल झाकून ठेवलेल्या पाण्याचा वास. आणि त्याच्या मागे व्हिनेगरची बारीक टोचणी. तिने घोट घेतला. जिभेवर नुसता आंबटपणा, मग काहीच नाही. सगळं ओसरून गेलं होतं, कदाचित पाच-सात वर्षांपूर्वीच. छत्तीस वर्षं जिच्या जिवावर काढली ती कपाटात पडल्या-पडल्या मरून गेली होती.

समोर निळे डोळे तिच्याकडे लागले होते. या माणसाला हे समाधान द्यायचं नाही, एवढं एकच तिला कळलं. ती हसली. डोळ्यांतूनसुद्धा हसली. घोट तोंडात फिरवला, सावकाश गिळला आणि मान किंचित हलवली.

मग एवाझिओने पेला उचलला. नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला.

"जिवंत आहे," तो म्हणाला.

देल्फिनाला नीट ऐकू आलं की नाही, कळेना.

"जिवंत आहे, आणि कशी! वाळका गुलाब आहे, डांबर आहे, शेवटाला थोडा ज्येष्ठमध. आणखी दहा वर्षं कुठे जात नाही ही." त्याने पेला खाली ठेवला, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि प्रयासाने उभा राहिला. "मी चुकलो होतो. तेरेसिओच्या लेकीसमोर आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो. अडुसष्ट साली मी चुकलो होतो."

टाळ्या पडल्या. औषधवाल्या बाईंनी डोळे टिपले. सरपंचांना आपला सत्कार भलताच रंगला असं वाटून ते लाल झाले. देल्फिनाने इतकी वर्षं बसमध्ये, कपडे धुताना, बापाच्या थडग्यापाशी जे वाक्य त्याच्या तोंडून मनातल्या मनात ऐकलं होतं ते शब्दाला शब्द तेच होतं. आणि ती तिथे नुसती बसून राहिली, कारण पेल्यातल्या घाणीबद्दल ते बोललं गेलं होतं.

बाहेर बँड वाजायला लागला. संताची मिरवणूक खानावळीखालून चालली होती. सगळे उठून सज्जाकडे गेले. गुडघ्यांमुळे एवाझिओ बसून राहिला, आणि देल्फिना.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने डबीतलं नाक बोटाने जरा पलीकडे सरकवलं.

"ही मेलीये. पियेरिनाचं मांजरसुद्धा सांगेल. आणि तुम्ही म्हणता गुलाब."

"हळू बोल."

"कधीपासून?"

बँडचा ढोल खिडकीच्या काचांत वाजत होता.

"त्रेचाळीस सालापासून," तो म्हणाला. "रशियातल्या लढाईतून चालत परत आलो तो तापातच. पायाची दोन बोटं तिथे राहिली आणि हे. आंबट, तुरट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी कोरं."

"आणि दलाली?"

"बापाचा धंदा. घरात आई, तीन बहिणी. मला दुसरं काय येत होतं?" त्याने खांदे उडवले. "मग लक्षात आलं, हुंगायची गरजच नाही. ज्याने वाइन केली त्याला सगळं माहीत असतं. त्याला आधी प्यायला लावायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. माणूस जिभेने खोटं बोलतो गं, गिळताना नाही बोलत. पन्नास वर्षांत तीनदा चुकलो असेन."

"खोटं हसणारे कुणी भेटलेच नाहीत?"

"खंडीभर. लांबून ओळखायचो. तुझं नाही ओळखता आलं."

"छत्तीस वर्षं घोटवलंय."

तो हसल्यासारखं करू लागला, पण तिच्याकडे बघून थांबला. देल्फिना पुढे झुकली.

"माझ्या बापाच्या चेहऱ्यावर काय दिसलं तुम्हाला? मी मागे उभी होते. मला फक्त मान दिसत होती."

"कशाला आता..."

"काय दिसलं?"

"त्याने घोट घेतला," एवाझिओ हळूहळू म्हणाला, "आणि ओठ थरथरायला लागले त्याचे. डोळे भरले. माझ्याकडे बघवेना त्याला, खाली पिंपाकडे बघत राहिला. मला वाटलं, ह्यालाच ठाऊक आहे. बिचारा लाजेने मेला."

"माझी आई फेब्रुवारीत गेली होती," देल्फिना म्हणाली. "मेणबत्त्यांच्या सणाला. पाच आठवडे झाले होते. चौसष्टची द्राक्षं तिने तोडली होती, सगळी पट्टी, बाबा तापाने पडले होते म्हणून एकटीने. ती गेल्यावर त्या पिंपाची तोटी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली."

एवाझिओचा हात पेल्याच्या देठावर होता तो तिथेच राहिला.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"तिच्या मयतीला आलो होतो मी," तो म्हणाला. "शवपेटीला खांदासुद्धा दिला. पण त्या दिवशी तळघरात... माझ्या ध्यानातच आलं नाही."

"आणि भाचा?"

"त्याला जमीन हवी होती. मी आड आलो नाही. एवढंच. विश्वास ठेवायचा तर ठेव."

तिने ठेवला, आणि त्यानेच तिच्या अंगाची आग झाली. याने कपट केलं असतं तर बरं झालं असतं. कपटाला शिव्या देता येतात, त्याच्यासाठी बाटल्या लपवून ठेवता येतात. बायकोच्या आठवणीने एका माणसाचे डोळे भरून आले, आणि दुसऱ्याने त्यावरून वाइनची किंमत ठरवली. एवढ्यावर तिचा बाप आठ वर्षं मोटारींना दारं बसवत राहिला होता.

"आता सगळ्यांना पाजते," ती उठत म्हणाली. "मग बघू तुमचं हे नाक कुठे राहतं ते."

"पाज. कुणी काही बोलणार नाही."

"नाकं आहेत त्यांना."

"अडुसष्टलाही होती," एवाझिओ म्हणाला.

देल्फिना बाटलीवर हात ठेवून थांबली. शेजाऱ्यांनी चाखली आणि माना डोलावल्या. ते चित्र तिने हजार वेळा पाहिलं होतं, आणि त्यातल्या त्या माणसांकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मिरवणूक पुढे गेली, लोक परतले. तिने हसतमुखाने प्रत्येकाच्या पेल्यात दोन-दोन घोट ओतले. सरपंचांनी पेला नाकाशी नेला आणि त्यांची भुवई वर चढली. त्यांनी चटकन एवाझिओकडे बघितलं, मग भुवई खाली घेतली.

"वा," ते म्हणाले. "गुलाब. अगदी गुलाब."

"आणि डांबर," संघाचे अध्यक्ष म्हणाले.

"शेवटाला ते काय म्हणालात बार्बा तुम्ही?" औषधवाल्या बाईंनी विचारलं. "हां, ज्येष्ठमध. येतोय की."

पाद्रीबुवांनी डोळे मिटून घोट घेतला. लोकांना वाटलं भक्तिभावाने. देल्फिना टेबलाच्या टोकाशी जेपिनजवळ गेली.

"तुम्ही होतात ना जेपिन, अडुसष्टला, आमच्या तळघरात?"

"होतो की."

"तेव्हा कशी लागली होती?"

जेपिनने पेल्यात बघितलं, मग तिच्याकडे, मग मधल्या खुर्चीकडे.

"आता मला काय कळतंय त्यातलं," तो पुटपुटला. "एवाझिओ म्हणाला सुटलीये. आम्ही कोण सांगणार?"

"आणि आजची?"

"आज तो म्हणतोय चांगली आहे."

"मग संपवा," देल्फिना म्हणाली.

एवढ्यात पियेरिना बान्या काउदाची भांडी घेऊन दारात आली. लसणीचा वास दालनभर पसरला आणि सगळ्यांचे चेहरे सुटल्यासारखे झाले. सरपंचांनी पेला ताटामागे सारला. देल्फिनाने तो उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"थांब पियेरिना, घाई नको. आधी पेले रिकामे होऊ देत. चाळीस वर्षांची वाइन अर्धी टाकतात होय कुणी? तुमच्या नाकाने पास केलेली आहे."

"नको नको, अशी वाइन... जपून घ्यावी," सरपंच म्हणाले.

"जपली मी. छत्तीस वर्षं. आता प्यायची."

ती टेबलाभोवती फिरत राहिली. ज्याचा पेला रिकामा झाला त्याच्या पेल्यात पुन्हा ओतली. बाटली तळाशी आली तसा गाळ यायला लागला, काळा, चिखलासारखा, तोही तिने समान वाटला. संघाच्या अध्यक्षांनी नाक न लावता एका दमात औषधासारखा घोट ढकलला. औषधवाल्या बाईंच्या गळ्याची शीर ताणली. पाद्रीबुवा खोकले आणि रुमालात बराच वेळ काहीतरी पुसत राहिले. पियेरिना भांडी धरून दारातच उभी होती. तिला केव्हाच कळलं होतं, आणि ती खालचा ओठ चावून हसू दाबत होती.

"देल्फी, माझं पोट जरा..." जेपिन म्हणाला.

"तेव्हा मान डोलवताना दुखलं नव्हतं. प्या."

जेपिन प्याला.

एवाझिओ एकेकाचा चेहरा बघत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा. हे काम त्याला जगात कुणाहूनही चांगलं येत होतं. वाइन किती मेलीये ते त्या टेबलावर त्याच्याएवढं स्वच्छ आता कुणालाच कळलं नसेल. त्याच्या गालांवरचा रंग उतरत गेला.

शेवटी देल्फिना त्याच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. तिच्या स्वतःच्या पेल्यात अजून एक घोट होता. पियेरिनाने भांडी मांडली, लोक सुटकेचा श्वास टाकून ब्रेडवर आणि तेलावर तुटून पडले, आणि त्या गलक्यात एवाझिओ टेबलावरून पुढे वाकला.

"पोरी, मला एक सांग. आजचं जाऊ दे. तेव्हा कशी होती?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तू मधे उघडल्या असशील बाटल्या. कुणीही उघडेल. चांगली होती ना?" त्याचा आवाज चिरका झाला होता. "का खरंच सुटलेली होती आणि मी चुकून बरोबर बोललो? तेवढं सांग. माझे असे किती दिवस राहिलेत? मला ते कळायला हवं."

देल्फिनाला ती रविवारची दुपार आठवली. लावून घेतलेली खिडकी आठवली. सगळी खोली भरून राहिलेला तो वास तिला आठवला, आणि बापाला त्यातला एक पेला कधीच मिळाला नाही हेही आठवलं. तिने पेला उचलला.

एवाझिओ आणखी पुढे सरकला. त्याचे निळे डोळे तिच्या ओठांवर, डोळ्यांच्या कडांवर, गळ्यावर फिरत होते.

तिने शेवटचा घोट घेतला आणि गिळला. चेहऱ्यावर तिने काही म्हणजे काही उमटू दिलं नाही. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखा तो कोरा ठेवला. तो शोधत राहिला. एकदा त्याला काहीतरी सापडल्यासारखं वाटलं असावं, त्याचे ओठ हलले; मग तेही हरवलं.

"देल्फिना," तो म्हणाला. त्याने तिला नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच.

ती उठली. रिकामी बाटली कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली. मग कोटाच्या खिशातून बुचाचे ते दोन काळे तुकडे काढले आणि मखमलीच्या डबीत, रुप्याच्या नाकाशेजारी ठेवले.

"एवढंच उरलंय चौसष्टचं," ती म्हणाली. "बघा, काही कळतंय का."

पियेरिनाने दारात तिचा हात दाबला. देल्फिनाने जिना उतरण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं. लोक खाली मान घालून तेलात ब्रेड बुडवत होते. एवाझिओ बुचाचा तुकडा नाकाशी घट्ट धरून, डोळे मिटून बसला होता.